जहाजाचे तूतक आणि परसातली माची

आपल्याकडे घराचा इतिहास लिहिणारे बहुधा पुढच्या दाराने आत शिरतात. ओटा, ओसरी, सदर, माजघर, देवघर अशी पावले टाकीत ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येतात आणि तेथेच थांबतात. गोमंतकातील घरांचे वर्णन करणाऱ्यांचाही क्रम हाच. दारापुढचा बलकांव, त्यातले बसावयाचे सोपे, मग साल, मग राजांगण आणि राजांगणातली तुळस. मागील दाराची कडी काढून परसात उतरलेला इतिहासकार विरळाच. वास्तविक घराचे अर्धे आयुष्य या मागल्या दारी सरलेले असते. उखळ तेथे, पाट्यावरवंटा तेथे, धुण्याची शिळा तेथे, अळवाचा वाफा आणि केळीचा बुंधा तेथे. अनेक घरांत तुळशीवृंदावनही परसदारीच असे, आणि कार्तिक शुद्ध द्वादशीला ऊस, आवळा व चिंचेची डहाळी घेऊन सारे घर एरवी केवळ बायकांचे मानलेल्या त्या जागेत जमे. मराठीत परस, कोकणीत परसूं. शब्द एकच, आणि उपेक्षाही दोन्हीकडे सारखीच.

हा विचार मनात यावयास एक साधे निमित्त घडले. गेल्या कार्तिकात काही घरगुती कामानिमित्त मला सिल्व्हासा येथे जावे लागले. काम आटोपल्यावर दोन दिवस हाती राहिले, तेव्हा खानवेलवरून दुधनीस गेलो. दुधनी हे जुन्या नगर-हवेलीच्या आत, डोंगरांच्या कुशीत वसलेले गाव. दमणगंगेवर मधुबन येथे धरण बांधले गेले, त्याचे पाणी मागे पसरत दुधनीच्या पायथ्याशी आले आणि जेथे पूर्वी नदीचे खोरे होते तेथे आता मैलोगणती तलाव दिसतो. धक्क्याशी काश्मीरच्या धर्तीचे शिकारे उभे असतात, सुटीच्या दिवशी मुंबई-सुरतेकडचे प्रवासी येतात. ज्यांच्याकडे मी उतरलो ते कुटुंब कोकणा समाजाचे. या समाजाचे नावच कोकणाशी जडलेले आहे आणि आपले पूर्वज कोकणातून वर आले अशी त्यांची परंपरा सांगते. त्यांची बोली ऐकताना मला अधूनमधून आपल्या घरची कोकणी ऐकू आल्याचा भास होई.

घरातला कर्ता मुलगा परसात काहीतरी बांधीत होता. मागील दारापासून तलावाच्या बाजूला जमीन उतरत जाते. त्या उतारावर त्याने सागाचे आठ खांब उभे केले होते, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, आणि आता कड्यांवर फळ्या ठोकण्याचे काम चालले होते. सुमारे बारा हात लांब आणि आठ हात रुंद असा लाकडी तळ, वर छप्पर नाही, तीन बाजूंस कठडा. प्रवासी येतात, त्यांना पाण्याकडे तोंड करून चहा घ्यावयास आवडते, म्हणून हा खटाटोप. तो त्यास ‘डेक’ म्हणत होता. प्रवाशांकडून शिकलेला शब्द. त्याचे वृद्ध वडील ओट्यावर बसून हे सारे पाहात होते. शेताच्या राखणीसाठी चार खांबांवर बांधतात तो माळा त्यांना ठाऊक होता. त्यांनी मुलाला विचारले, “माळा बांधतोस तो ठीक, पण येथे राखण कशाची करावयाची?” मुलगा हसला. मी मात्र ‘डेक’ या शब्दाशी अडलो, कारण मुळात तो जहाजाचा शब्द आहे, आणि नगर-हवेलीच्या सागाचा व जहाजाचा संबंध फार जुना व फार विलक्षण आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. उघड्या आभाळाखाली लाकडाचा तळ घालण्याची चाल आपल्या घरांत नव्हती. कारण उघडच आहे. जेथे चार महिन्यांत शंभर इंचांच्या आसपास पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने वाळवी आपले काम करीत असते, तेथे उघड्यावरचे लाकूड किती काळ टिकणार? म्हणून आपले अंगण मातीचे. दसरा उलटला की कोकणात खळे खणून, चोपण्याने चोपून, शेणाने सारवून तयार करावयाचे, त्यावर मांडव घालावयाचा, आणि मृगाच्या आधी मांडव उतरवून खळे पावसाच्या स्वाधीन करावयाचे. दरवर्षी नवे अंगण. लाकडाची तक्तपोशी होती ती माडीवर, छपराच्या आसऱ्याला. ‘माची’ हा शब्दही आपल्या जिभेवर आहे, पण राजगडाच्या सुवेळा व संजीवनी या माच्या डोंगराच्या सोंडेवर तट बांधून केलेल्या, लाकडाच्या नव्हेत. ऊन, पाऊस आणि वारा यांना तोंड देत वर्षानुवर्षे उघडा राहणारा फळ्यांचा तळ एकाच ठिकाणी असे, तो म्हणजे जहाजावर. खलाशी त्याला तूतक म्हणत.

आणि तेथे तो टिके, याचे श्रेय सागाला. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे वाळवी व कीड त्यास सहसा शिवत नाही, आणि ओले-कोरडे होत राहिले तरी ते फारसे वाकत-फुगत नाही. युरोपातील जहाजे ओकची. ओकच्या लाकडात आम्ल असते, ते लोखंडी खिळ्यांना गंजवते. सागात खिळा सुरक्षित राहतो. ही गोष्ट कळल्यावर युरोपीय आरमारांची नजर पश्चिम किनाऱ्याच्या जंगलांवर खिळली, यात नवल नाही. सुरतेहून १७३६ साली मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागाची जी जहाजे बांधली त्यांपैकी ‘ट्रिंकोमाली’ हे १८१७ साली पाण्यात लोटलेले जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही पाहावयास मिळते.

आपले स्वतःचे राज्यकर्तेही या बाबतीत अनभिज्ञ नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांचे म्हणून प्रसिद्ध असलेले ‘आज्ञापत्र’ अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. त्यातल्या आरमाराच्या प्रकरणात जहाजाच्या लाकडाविषयी जो विचार आहे तो माझ्या मते राज्यशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात अभिमानाने ठेवावा असा आहे. त्याचा आशय असा की, तळ्या, डोलकाठ्या यांकरिता थोर लाकूड लागते. आपल्या राज्यातील अरण्यात सागवानादि वृक्ष आहेत त्यांतले अनुकूल पडेल ते हुजूर कळवून, परवानगीने तोडावे. अधिक लागेल ते परमुलखातून खरेदी करावे. आंबा व फणस यांचेही लाकूड आरमाराच्या कामाचे, परंतु त्यांस हात लावू देऊ नये. का? तर ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, आणि ती तोडली तर तिच्या दुःखास पार राहात नाही. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे. बलात्कार सर्वथा करू नये. म्हणजे अरण्यातला साग राजाच्या अनुज्ञेचा, पण परसातला आंबा रयतेचा. जहाजाचे तूतक कितीही निकडीचे असो, त्याने मागील दारची मर्यादा ओलांडावयाची नाही. आमच्या जुन्या कागदांत परसाचा एवढा सन्मान मला अन्यत्र आढळला नाही.

या विचाराला पन्नास-साठ वर्षे लोटली असतील नसतील, तोच एका जहाजाच्या पायी नगर-हवेलीचे भाग्य फिरले. १७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने ‘सान्ताना’ नावाचे पोर्तुगीज जहाज पकडले. पोर्तुगीज व पुणे दरबार यांच्यात बोलणी होऊन १७७९ साली मैत्रीचा तह झाला, आणि पुढे नुकसानभरपाईच्या पोटी वसुलाचे बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांकडे देण्यात आली. नगर-हवेलीची गावे १७८३ साली हाती पडली, दादरा १७८५ साली. दिले ते वसूल घेण्याचा अधिकार म्हणून दिले. हा मुद्दा वाचकांस क्षुल्लक वाटेल, पण त्यावर पुढे हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात मोठा खल झाला. पोर्तुगालने भारतावर लावलेल्या दाव्यात १९६० साली जो निर्णय झाला त्यात, मराठ्यांच्या कागदांतील ‘जहागीर’ व ‘सरंजाम’ हे शब्द पाहता त्यांनी सार्वभौमत्व दिले नव्हते, महसूल दिला होता, असे न्यायालयाने मानले. मात्र पुढे इंग्रजी अमदानीत पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व गृहीत धरले गेले, असेही म्हटले. सरंजाम या आपल्या शब्दाचा अर्थ हॉलंडातल्या न्यायासनापुढे उलगडावा लागला, हे वाचून मला कौतुकही वाटले आणि थोडे हसूही आले.

१८१८ साली पेशवाई बुडाली. सरंजाम देणारा धनी उरला नाही. घेणारा मात्र राहिला, आणि वसुलाबरोबर जंगलही त्याचेच झाले. दमणगंगा नाशिककडच्या सह्याद्रीत उगम पावते, या प्रदेशातून वाहात जाते आणि दमण येथे समुद्रास मिळते. दमणला पोर्तुगीजांची जुनी गोदी होती. वरच्या अंगास सागाचे रान आणि नदीच्या मुखाशी गोदी, इतका सोयीचा योग जुळल्यावर काय घडणार हे सांगावयास नको.

त्या गोदीतून १८४३ सालच्या २२ ऑक्टोबरला जे जहाज पाण्यात उतरले त्याचे नाव ‘दों फेर्नांदु दुसरा आणि ग्लोरिया’. राणी दुसरी मारिया हिचा पती फेर्नांदु आणि स्वतः राणी मारिया दा ग्लोरिया यांच्या नावांवरून ठेवलेले. पन्नास तोफांचे हे फ्रिगेट जातीचे लढाऊ जहाज, पुढच्या तिरप्या काठीसकट लांबी सुमारे सत्त्याऐंशी मीटर, रुंदी तेरा मीटरांच्या आत. शिडांवर चालणारे असे हे पोर्तुगीज आरमाराचे शेवटचे फ्रिगेट. लाकूड नगर-हवेलीचे. बांधकामावर पोर्तुगीज अधिकारी होता, गिल जुझे दा कॉन्सेसांव. पण त्याच्याबरोबर मुख्य कारागीर म्हणून एका हिंदी माणसाचे नाव पोर्तुगीज नोंदींत येते. ते नाव ‘यादो सेमोजी’ असे काहीसे उमटले आहे. पोर्तुगीज लेखणीने आमची नावे कशी वाकविली हे गोमंतकीयांस सांगावयास नको. या नावाच्या आड एखादा जादव शामजी दडलेला असावा, असा माझा आपला तर्क. त्याचा हुद्दा ‘मेश्त्र’; कोकणीतला आपला ‘मेस्त’ आणि मराठीतला मिस्त्री तो हाच. आमचा सुतार आपल्या कामाचे नाव परक्यांच्या भाषेतून घेऊन बसला. त्याने केलेले काम मात्र परक्यांच्या इतिहासात गेले.

तूतक घालण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. तुळयांवर सागाच्या लांब फळ्या अंगास अंग लावून बसवितात. कितीही नेटकी बसविली तरी दोन फळ्यांमध्ये शीव राहते, आणि समुद्राला तेवढी शीव पुष्कळ झाली. म्हणून तीत कापूस वा काथ्या ठासून भरावयाचा, वरून राळ ओतावयाची, आणि पाणी खाली जाणार नाही याची खात्री करावयाची. शिवाय तूतक मध्ये किंचित उंच आणि दोन्ही कडांना उतरते असते, म्हणजे लाट आली तरी बाजूंनी वाहून जाते. आमच्या पश्चिम किनाऱ्यावरचे कारागीर याही पुढे जात. फळीच्या कडेला खाच आणि दुसरीच्या कडेला तिला मिळणारी जीभ काढून, मध्ये राळेत भिजवलेला कापूस घालून ते दोन फळ्या अशा जोडीत की शीव जणू नाहीशीच होई. युरोपीय प्रवाशांनी या जोडाची वाखाणणी केली आहे.

हे जहाज दमणहून गोव्यास आणले गेले, तेथे त्यावर काठ्या व शिडे चढली, आणि २ फेब्रुवारी १८४५ रोजी ते गोव्याहून निघाले ते त्याच वर्षी जुलैच्या आरंभी लिस्बनला पोचले. पुढे तेहतीस वर्षे त्याने समुद्र तुडविला. एक लक्ष मैलांहून अधिक, म्हणजे पृथ्वीला पाच प्रदक्षिणा होतील इतका प्रवास. १८७८ नंतर ते बंदरात उभे राहिले. तोफखान्याची शाळा झाले. १९४० पासून गरीब मुलांची आश्रयशाळा झाले. १९६३ च्या एप्रिलात त्याला आग लागली. गोवा, दमण व दीव पोर्तुगीजांच्या हातून जाऊन तेव्हा दीड वर्षही झाले नव्हते. अर्धवट जळालेला सांगाडा तेजो नदीच्या चिखलात जवळजवळ तीस वर्षे पडून राहिला, आणि तरी तो पार कुजला नाही. १९९२ साली तो वर काढला, पुष्कळ लाकूड नवे घालून दुरुस्त केला, आणि १९९८ च्या लिस्बन प्रदर्शनात तो जगापुढे ठेवला. आज ते जहाज लिस्बनसमोर कासिल्यास येथे संग्रहालय म्हणून उभे आहे.

एका जहाजापायी गावे गेली, आणि त्या गावांच्या रानातून दुसरे जहाज निघाले. पहिल्याची भरपाई दुसऱ्याने झाली म्हणावे तर ती पोर्तुगीजांची झाली. ज्यांच्या मागील दाराशी हा साग वाढत होता त्यांचे काय?

त्यांच्या घरांकडे पाहिले म्हणजे उत्तर मिळते. वारली, कोकणा, धोडिया, काथोडी हे येथील रहिवासी. वारल्याचे जुने घर कारवीच्या काठ्यांचे, वर माती व शेण यांचा लेप, छप्पर गवताचे किंवा देशी कौलांचे. खांब लाकडाचे खरे, पण तक्तपोशी कोठली? बसावयास मातीचा ओटा, मळणीला मातीचे खळे. भाताचा पहिला दाणा घरी येतो तो कणसरीचा, आणि ज्या भुईवर तो झोडपला ती धरतरी. या दोन्ही देवता त्यांच्या नित्याच्या. आम्ही देवळाच्या चौकात जी पवित्रता मानतो ती ते खळ्यात मानतात. एकीकडे रानातला साग राजाच्या जहाजाचे तूतक होऊन आफ्रिकेला वळसा घालीत होता, आणि दुसरीकडे त्या रानात राहणारा माणूस आपले अंगण शेणमातीने सारवीत होता, हे चित्र मी मनाशी प्रथम रेखाटले तेव्हा मला फार चीड आली होती. आज तितकी सरळ चीड येत नाही. मातीचे खळे हे केवळ दारिद्र्याचे लक्षण नव्हे; आपल्या पर्जन्यात, आपल्या कामाला तेच सोयीचे होते, आणि खाऊन-पिऊन सुखी असलेल्या आमच्या घरांतही अंगण मातीचेच होते. अन्याय आहे तो असा, की सागाची फळी घालावी की माती चोपावी हे ठरविण्याची पाळीच त्यांच्यावर आली नाही. आज्ञापत्राने परसातल्या झाडापुढे जो प्रश्न विचारावयास सांगितला होता, धनी राजी आहे काय, तो त्यांना कोणी विचारला नाही.

वृक्षाची संमती घेण्याची चाल तर आपल्या धर्मात अधिकच जुनी. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘वनसंप्रवेश’ नावाचा एक अध्याय आहे. देवमूर्तीसाठी लाकूड आणावयास रानात कसे शिरावे, हा त्याचा विषय. स्मशानातले, वाटेवरचे, देवालयातले, संगमावरचे, वेलींनी वेढलेले, विजेने वा वाऱ्याने मोडलेले झाड वर्ज्य. योग्य झाड मिळाल्यावर त्याची पूजा करावयाची, बळी अर्पावयाचा, आणि त्यावर वस्ती करणाऱ्या भूतमात्रांस नमस्कार करून प्रार्थावयाचे की ही पूजा घ्या व अन्यत्र निवास करा. मग दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड. म्हार्दोळच्या महालसेच्या सभामंडपातील कोरीव लाकडी खांब आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. त्या खांबांखाली उभे राहिले की ते मूळ कोणत्या रानात होते आणि त्यांची क्षमा कोणी मागितली असेल, असा प्रश्न माझ्या मनात येतो. जहाजाच्या सागाची क्षमा कोणी मागितली असेल काय? यादो सेमोजीने मागितली असेल, असे मानावयास मला आवडते. पाण्यात उतरण्यापूर्वी नव्या होडीला नारळ वाढविल्याशिवाय आपल्या किनाऱ्यावरचा कारागीर तिला हात लावू देत नाही. राणीचे जहाज म्हणून त्याने रीत सोडली असेल असे वाटत नाही.

नगर-हवेलीची पुढील कथा वाचकांच्या परिचयाची आहे. १९५४ सालच्या जुलैत दादरा मुक्त झाले, मग नरोली, आणि २ ऑगस्टला सिल्व्हासा. या कार्यात पुण्या-मुंबईकडचे जे स्वयंसेवक पुढे आले त्यांत गायक-संगीतकार सुधीर फडके होते, ही गोष्ट मराठी माणसाला ठाऊकच आहे. पोर्तुगीज पोलिसांची तुकडी खानवेलच्या बाजूला मागे हटली आणि ११ ऑगस्टला तिने उदव्यास शरणागती दिली. म्हणजे दुधनीस जाताना मी ज्या रस्त्याने आलो तोच हा टापू. सात वर्षे वरिष्ठ पंचायतीच्या कारभारानंतर १९६१ साली हा प्रदेश भारतात सामील झाला. १९७१ च्या जमीनसुधारणेच्या कायद्याने जुन्या जमीनदारी हक्कांवर घाव घातला. नंतर धरण आले. त्याने गुजरातच्या शेतीला पाणी दिले, कारखान्यांना दिले, आणि काही गावांची घरे व शेते घेतली. २०२० सालापासून हा प्रदेश दमण व दीव यांच्याशी एकत्र केलेला केंद्रशासित प्रदेश आहे. दमणगंगेचे खोरे व तिचे मुख पुन्हा एका कारभाराखाली आले.

आता त्या माचीकडे वळतो. (मी तिला माचीच म्हणणार.) हे लाकूड कोठून आणले, असे मी विचारले, कारण साग आज सोन्याच्या भावाने मिळतो. मुलगा म्हणाला, “विकत नाही घेतले, काका. जुन्या घराचे आहे.” त्यांचे जुने घर खाली, नदीच्या अंगाला होते. धरणाचे पाणी चढू लागले तेव्हा आजोबांनी ते घर उतरविले, खांब व तुळया बैलगाडीने वर आणल्या, आणि नवे घर त्यांच्या निम्म्या लाकडात झाले. उरलेले माळ्यावर पडून होते. जुन्या तुळया चिरून फळ्या काढल्या तेव्हा आतून गाभा तांबूस, तेलकट निघाला. कालच तोडल्यासारखा वास सुटला, असे त्याने सांगितले. बाहेरचे पांढरे लाकूड मात्र त्याने तासून टाकले होते, कारण वाळवी प्रथम तेथेच शिरते.

तो सुतार नव्हे, पण हात नेटका. खांब मातीत पुरले नव्हते. प्रत्येकाखाली नदीतला सपाट दगड तळखड्यासारखा बसविला होता, म्हणजे लाकडाचा व ओल्या भुईचा संबंध तुटला. आपल्या वाड्यांतल्या खांबांना जो दगड दिसतो त्याचे प्रयोजन हेच. खांबाच्या माथ्याला कुसू काढून ते तुळईच्या खाचेत उतरविले होते, आणि खिळ्याऐवजी सागाचीच खुंटी मारली होती. दगड बसविण्यापूर्वी वडिलांनी प्रत्येक खड्ड्यात तांदळाचे चार दाणे टाकले. मुलाने विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. धरतरीचे देणे दिल्याखेरीज भुईला हात लावावयाचा नाही हे दोघांना ठाऊक होते.

फळ्या बसविताना मात्र मी एक चूक काढावयास गेलो आणि स्वतःच चुकलो. दोन फळ्यांत त्याने जाड नाण्याएवढी फट ठेवली होती. मी तूतकाच्या विचारात गढलेलो. म्हटले, ही शीव बुजवावयास हवी, पाणी गळेल. तो म्हणाला, “गळायलाच पाहिजे, काका. नाहीतर फळी कुजेल.” खरेच आहे. जहाजाच्या तूतकाखाली माणसे व माल असतात, म्हणून तेथे पाणी अडवावयाचे. परसातल्या माचीखाली भुई असते, म्हणून येथे पाणी तिच्याकडे जाऊ द्यावयाचे, आणि खालून वारा खेळता ठेवावयाचा. एकच लाकूड, एकच तळ, पण रीत अगदी उलट. जहाजाच्या पुस्तकांवरून घर बांधावयास निघालेल्या माणसाची अशी फजिती व्हावी हे योग्यच.

मी त्याला दमणच्या त्या जहाजाची हकीकत सांगितली. त्याने काम थांबवून ऐकली. इकडच्या सागाचे जहाज लिस्बनला अजून उभे आहे, यावर वडिलांचा विश्वास बसेना. त्यांनी एवढेच विचारले, “मग त्याच्या फळ्या कोण तासतो आता?” याचे उत्तर मला देता आले नाही.

तिसऱ्या प्रहरी मुलाची आई शेतावरून आली. तिने माचीभोवती एक फेरी मारली, हाताने कठडा हलवून पाहिला. शेणाचा प्रश्न तिनेच काढला. घरात पूर्वी सहा गुरे होती, आता एक गाय. सारवण दर आठवड्याला कोठून आणणार, आणि सुना कामावर जातात तर सारवणार कोण? म्हणून लाकूड चांगले, असे तिचे मत पडले. पाहुणे बसोत न बसोत, नागली वाळत घालावयास जागा झाली. मग ती घराकडच्या कोपऱ्याशी थांबली. तेथे जमिनीत पुरलेले दगडी उखळ होते, आणि मुलाच्या आखणीप्रमाणे ते फळ्यांखाली जात होते. गिरणी गावात आली त्यालाही पुष्कळ वर्षे झाली, असे मुलाने सांगून पाहिले. ती काही बोलली नाही. उखळात साठलेला पालापाचोळा तिने हाताने काढला, पदराने कडा पुसली आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो तेव्हा मुलगा त्या कोपऱ्यातल्या तीन फळ्या काढून कड्या नव्याने आखीत होता.